बातमी आणि भाव

शेअरबाजार हा विषय आमच्या घरांत पूर्वीं फारसा निघत नसे. पोस्टांतील ठेव, विम्याचा हप्ता आणि क्वचित् एखाद्या बँकेचे चार भाग, एवढ्यावर दोन पिढ्यांचा हिशेब चालला. परंतु आतां जवळजवळ प्रत्येक एकत्र कुटुंबांतील एखादा तरी मुलगा किंवा मुलगी कॅलिफोर्नियांत, टेक्ससमध्यें, निदान बंगळुरास संगणकाच्या व्यवसायांत आहे, आणि त्यांच्या पत्रांतून (पत्रें आतां कोण लिहितो म्हणा! दूरध्वनीवरूनच) अमेरिकेंतील कंपन्यांचे भाव आमच्या माजघरापर्यंत येऊन पोंचले आहेत. जेवणाच्या पंगतींत ज्या विषयावर वाद होतो, तो विषय मासिकांत येण्यास योग्यच समजला पाहिजे.

ज्या कंपनीविषयीं आम्ही लिहीत आहों तिचें नांव अॅडव्हान्स्ड मायक्रो डिव्हायसेस. लोक तिला एएमडी म्हणतात. १९६९ सालच्या मे महिन्याच्या पहिल्या तारखेस जेरी सँडर्स व त्यांचे सहकारी यांनीं ती कॅलिफोर्नियांत स्थापिली. तिची प्रतिस्पर्धी इंटेल ही एकाच वर्षानें वडील. आयबीएम कंपनीनें आपल्या घरगुती संगणकासाठीं इंटेलची चिप निवडली खरी, पण एकाच पुरवठादारावर विसंबून राहण्यास ती तयार नव्हती. म्हणून १९८२ सालीं झालेल्या करारानें इंटेलच्या आराखड्याच्या चिपा एएमडीनेंहि बनवाव्या असें ठरलें. पुढें त्या करारावरून उभयतांत वर्षानुवर्षें कोर्टकज्जे चालले. भाऊबंदकी म्हणजे काय हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. २००३ सालीं ऑप्टेरॉन नांवाच्या चिपेनें धाकटीला बरे दिवस दाखविले. परंतु २००६ सालीं पांच अब्ज डॉलरांहून अधिक रक्कम मोजून तिनें एटीआय ही कंपनी विकत घेतली, कर्ज डोक्यावर आलें, २००९ मध्यें स्वतःचे कारखाने वेगळे काढावे लागले, आणि २०११ सालीं निघालेली बुलडोझर ही मालिका तर साफ फसली. २०१४ च्या ऑक्टोबरांत लिसा सू या विदुषींच्या हातीं सूत्रें आलीं. तरी २०१५ सालीं तिचा भाग दोन डॉलरांच्याहि खालीं मिळत होता.

नवा प्रोसेसर काढावयाचा म्हणजे काय, याची कल्पना बाजारांत पैसे घालणाऱ्या फार थोड्यांस असते. एएमडीनें झेन या आराखड्यास २०१२ च्या सुमारास हात घातला आणि तिची पहिली चिप विक्रीस आली ती २०१७ सालीं. नखाएवढ्या त्या सिलिकॉनच्या तुकड्यावर ४८० कोटी ट्रान्झिस्टर. त्यांत एखादा दोष राहिला तर महिनेच्या महिने वायां जातात. पगार मात्र दर महिन्यास द्यावेच लागतात. ह्या काळांत जो भाग विकत घेतो तो चिप विकत घेत नसून अजून न झालेल्या चिपेविषयींची आशा विकत घेत असतो. आणि आशेला भाव लवकर चढतो. २०१६ च्या आरंभीं तीन डॉलरांहून कमी असलेला हा भाग वर्षअखेर अकरांवर गेला. डिसेंबरांत रायझन हें नांव जाहीर झालें, २२ फेब्रुवारी २०१७ रोजीं किंमती जाहीर झाल्या. आठ गाभ्यांचा सर्वांत वरचा नमुना ४९९ डॉलरांस, आणि इंटेलचा तितक्याच गाभ्यांचा प्रोसेसर तर हजार डॉलरांच्या वर! फेब्रुवारी संपतां संपतां भाग पंधरा डॉलरांवर होता. म्हणजे चौदा महिन्यांत पांचपट.

आमच्या ज्येष्ठ बंधूंचे चिरंजीव सॅन होजे येथें दुसऱ्या एका कंपनींत नोकरीस आहेत. त्यांनीं २०१६ च्या ऑक्टोबरांत ह्या कंपनीचे दोन हजार भाग पावणेसात डॉलरांच्या आसपास घेतले होते. आतां त्यांचे तीस हजार डॉलर, म्हणजे आपले सुमारें वीस लाख रुपये झाले. इकडे वाईच्या घराचें छप्पर पडावयास आलें होतें. बंधु निवर्तल्यापासून वहिनी त्या घरीं एकट्या असतात. आदल्या पावसाळ्यांत माडीवर सात ठिकाणीं भांडीं मांडावीं लागलीं. कौलें, वासे, भिंतीची डागडुजी मिळून मिस्त्रीनें दहा लाखांचा अंदाज दिला, आणि चिरंजिवांनीं ती रक्कम आपण देऊं असें कबूल केलें. घरच्या हिशेबाची वही आमच्याकडे असल्यामुळें तारखा कळविण्याचें काम आमच्याकडे आलें.

चिरंजिवांचें म्हणणें असें कीं, २ मार्चला प्रोसेसर दुकानांत येतो, त्याच दिवशीं परीक्षणें प्रसिद्ध होतील, माल उत्तम आहे हें आपणांस ठाऊक आहे, तेव्हां भाव वीसवर जाईल, मग विकूं. शिवाय वर्ष पुरें होण्यापूर्वीं विकलें तर तिकडील कायद्याप्रमाणें नफ्यावर पगारासारखाच कर पडतो, वर्षानंतर कमी पडतो. हा दुसरा मुद्दा अगदींच टाकाऊ नव्हता. वहिनी हें सर्व शांतपणें ऐकत होत्या. त्यांनीं एवढेंच विचारलें, "माल चांगला आहे हें तुला ठाऊक, तसें विकणाऱ्यालाहि ठाऊक असेल ना? मग तो तुला पंधरांत कां देतो?"

या प्रश्नाचें उत्तर त्यास देतां आलें नाहीं, आणि आमच्या मतें मोठमोठ्या दलालांसहि तें देतां येत नाहीं. २७ फेब्रुवारीस, सोमवारीं, त्यानें एक हजार भाग पंधरा डॉलरांनीं विकून पैसे पाठविले. कर पगारांतून भरीन म्हणाला. उरलेले हजार त्यानें ठेवले.

गुरुवारीं २ मार्चला, इकडे रात्रीचे आठ वाजतां, न्यूयॉर्कचा बाजार उघडला. परीक्षणें थोडीं आधींच आलीं होतीं आणि बहुतेक स्तुतिपर होतीं. चित्रफिती तयार करणें, मोठीं गणितें, एकाच वेळीं अनेक कामें, ह्यांत नवा प्रोसेसर इंटेलच्या दुप्पट किंमतीच्या मालास भारी पडत होता. मात्र संगणकावरील खेळांत, विशेषतः मध्यम प्रतीच्या पडद्यावर, इंटेलचा चार गाभ्यांचा स्वस्त प्रोसेसर त्याच्या पुढें होता. तेवढ्यावर भाग एका दिवसांत सहा-सात टक्क्यांनीं उतरला.

"काका, पास तर झाला आहे, मग हे लोक रडतात कां?" असा चिरंजिवांचा प्रश्न आला. ज्या मुलाची नापास होण्याची धास्ती असते तो दुसऱ्या वर्गांत उतरला तर घरीं पेढे वांटतात. आणि ज्याचा पहिला नंबर धरूनच चाललेलें असतें तो दुसरा आला तर त्या घरीं चूल पेटत नाहीं. दोन डॉलरांचा भाग पहिल्या घरचा, पंधरा डॉलरांचा दुसऱ्या घरचा. चिप तीच. पंधरा डॉलर देणाऱ्यानें चांगल्या परीक्षणाची किंमत आधींच मोजलेली होती; भाव चढावयाचा तर त्याच्या अपेक्षेहूनहि कांहीं अधिक घडावयास हवें होतें.

त्याच्या एका मित्राची गोष्ट याहून बिकट. मुंबईच्या जुन्या बाजारांत तेजी आणि मंदी ह्या नांवांचे सौदे चालत असत, हें आमच्या वडील वाचकांनीं ऐकलें असेल. ठराविक भावानें ठराविक मुदतींत माल घेण्याचा नुसता हक्क कांहीं रक्कम देऊन विकत घ्यावयाचा, ती तेजी. विकण्याचा हक्क ती मंदी. अमेरिकेंत हाच व्यापार ऑप्शन ह्या नांवानें राजरोस चालतो, एकेक सौदा शंभर भागांचा. मित्रानें पंधरा डॉलरांच्या भावाची, शुक्रवार ३ मार्चच्या मुदतीची तेजी घेतली होती. मोठी बातमी यावयाची असली म्हणजे ह्या हक्काचीच किंमत फुगते, कारण विकणाराहि तारीख जाणून असतो. बातमी येऊन गेली कीं ती फूग एका रात्रींत उतरते. म्हणजे भाव थोडा वाढला असता तरी त्याच्या हातीं फारसें आलें नसतें. भाव तर उतरलाच. शुक्रवारीं संध्याकाळीं त्या कागदाची किंमत शून्य झाली. भाग असता तर निदान भाग म्हणून उरला असता.

एप्रिलमध्यें वाईस कौलें उतरविलीं आणि दोन मुख्य तुळया वाळवीनें आंतून पोखरलेल्या निघाल्या. बाहेरून हात फिरविला तर शाबूत, पहार लावली कीं भुसा! सागवानी तुळया घालावयाच्या तर आणखी चार लाख, आणि लाकूड मेच्या पहिल्या आठवड्यांत सांगितलें नाहीं तर मृगापूर्वीं छप्पर पुरें होणार नाहीं, असें मिस्त्रीनें निक्षून सांगितलें. आम्हीं रक्कम व तारीख कळविली. कंपनीचा तिमाही हिशेब १ मे रोजीं यावयाचा होता, तोंवर थांबतों असें त्याचें उत्तर आलें. पैसे त्याचे होते. आम्हीं आग्रह धरला नाहीं.

१ मे हा कंपनीचा वाढदिवस आणि आमच्या राज्याचाहि. हिशेब आला तेव्हां इकडे मध्यरात्र उलटून गेली होती. विक्री ९८ कोटी ४० लाख डॉलर, गेल्या सालापेक्षां १८ टक्के अधिक. तोटा ७ कोटी ३० लाख, तोहि पूर्वींहून कमी. हें वाचून आम्हांस वाटलें असतें कीं सर्व ठीक आहे. परंतु बाजार दुसरीच ओळ वाचीत होता. शंभर डॉलरांच्या विक्रींत माल बनविण्याचा खर्च वजा जातां ३४ डॉलर उरत होते. पुढील तिमाहींत ३३ उरतील असें कंपनीनें सांगितलें. इंटेलला त्या काळीं साठांहून अधिक उरत. नवा प्रोसेसर आल्यावर हा आंकडा चढेल ह्या भरंवशावर ज्यांनीं भाग घेतले होते त्यांनीं दुसऱ्या दिवशीं ते फेकले. एका दिवसांत २४ टक्के. १३ डॉलर ६२ सेंटांवरून १० डॉलर ३२ सेंट.

तीन दिवस चिरंजिवांचा दूरध्वनि आला नाहीं. चौथ्या दिवशीं पैसे आले. सहाशें भाग दहा डॉलरांच्या थोडें वर विकून त्यानें चार लाख जमविले होते. १ मेच्या भावानें साडेचारशें पुरले असते. म्हणजे दीडशें भाग अधिक गेले. तो फार खजील झाला होता आणि मिळालें तर तेरा-चौदाला पुन्हां घेईन, कर्ज काढून घेईन, असें कांहींबाहीं बोलत होता. त्या रात्रीं वहिनी त्याच्याशीं तासभर बोलत होत्या. काय बोलल्या तें आम्हीं विचारलें नाहीं, पण कर्ज निघालें नाहीं.

आम्हांस विचाराल तर तो हरला असें आम्ही म्हणणार नाहीं. पावणेसातला घेतलेला माल दहाला विकणारा तोट्यांत नसतो. त्याची अडचण एवढीच कीं छपराच्या पैशास मृगाची मुदत होती आणि प्रोसेसरच्या यशास मुदत नव्हती. यश आलें, तें निराळ्या रस्त्यानें. खेळ बनविणाऱ्यांनीं कांहीं आठवड्यांतच आपल्या आज्ञावलींत सुधारणा केल्या आणि रायझनची उणीव पुष्कळ भरून निघूं लागली. २० जूनला त्याच आराखड्याचा एपिक हा मोठ्या संगणकगृहांसाठींचा प्रोसेसर आला. खरी मिळकत तेथें होती, आणि ती यावयास वर्षें लागलीं. २०१८ च्या सप्टेंबरांत भाग तीस डॉलरांवर होता, त्याच डिसेंबरांत पुन्हां विसाखालीं. २०२१ मध्यें शंभराच्या पार. २ मार्चची परीक्षणें वाचून ह्यांतील काय कोणास सांगतां आलें असतें?

आतां इकडील घरांतूनहि असे भाग घेतां येतात. रिझर्व्ह बँकेची परदेशीं पैसे पाठविण्याची योजना २००४ सालीं २५ हजार डॉलरांच्या मर्यादेनें सुरू झाली. ती मर्यादा आज माणशीं वर्षाला अडीच लाख डॉलर आहे. मात्र परदेशच्या बाजारांत अनामत भरून उधारीवर सौदे करण्यास त्या योजनेंतून पैसे पाठवितां येत नाहींत. हा निर्बंध तरुण मंडळींस जाचक वाटतो. आम्हांस तो गोड वाटतो, आणि याबद्दल आमच्या पुतण्याशीं आमचा अजून मतभेद आहे.

उरलेले चारशें भाग त्यानें ठेवले. २०१८ च्या डिसेंबरांत, भाव उतरलेला असतांना, तो वाईस आला. दुपारीं माडीवर उताणा पडून वर पाहत होता. म्हणाला, "काका, ह्या दोन तुळया म्हणजे माझे सहाशें भाग." वहिनी जिन्यांतून वर आल्या होत्या. त्यांनींहि तुळयांकडे पाहिलें, सागवान बरें मिळालें म्हणाल्या, आणि पानें वाढलीं आहेत, ऊठ, असें सांगून खालीं गेल्या.