विजेचें अजीर्ण

रेडिओवर उडणारें चिमुकलें हेलिकॉप्टर मुलास आणून दिलें तेव्हां त्याच्या पंख्यांचें आम्हीं फार कौतुक केलें. पोटांतल्या बॅटरीकडे मात्र ढुंकूनहि पाहिलें नाहीं. एके रात्रीं ती मुलाच्या उशाशीं भरावयास लावून आम्ही खुशाल निजलों. सकाळीं ती पुरीसारखी फुगलेली दिसली. पेटली असती तर?

ही बॅटरी लिथियम-पॉलिमर जातीची. तिच्यांत घट तीन. घटाचा दाब ३ व्होल्टखालीं गेला कीं तो उपासानें खंगतो, ४.२ वर गेला कीं अजीर्णानें. तापतो, फुगतो, प्रसंगीं पेट घेतो. म्हणून तिघांच्या पानांत सारखें वाढणारा चार्जर हवा. २२०० मिलिअँपिअर-तासांच्या बॅटरीस सहसा २.२ अँपिअरहून अधिक घाई करूं नये. उड्डाणानंतर ती आधीं निवूं द्यावी. बरेच दिवस ठेवायची तर दर घट ३.८ व्होल्टवर ठेवावा.

फुगलेली बॅटरी आम्हीं पुन्हां भरली नाहीं. नवी भरतांना ती उघड्या फरशीवर ठेवून जवळच बसतों. "बाबा, इतका वेळ नुसते काय बसतां?" मुलगा विचारतो. लहानपणीं त्याला भरवतांनाहि आम्ही असेच बसत होतों, हें त्याला काय सांगावें!