नवाब आणि भुट्टा

ह्यूस्टनला निघताना आपाने मला दोन कामं सांगितली होती. भाच्याला कोकमं नेऊन दे, आणि त्याच्या घरातले साप काढायला लाव. व्हिडिओ कॉलवर जमत आलेला एक रिश्ता त्याच्या मागच्या पेटीत काहीतरी वळवळताना दिसल्यावर मोडला होता. आपा त्या दिवशी जेवली नव्हती.

मीही काही सर्पमित्र नव्हे. आमच्या वाडीत धामण निघाली तरी काठ्या घेऊन धावणारी पोरं आम्ही. धामण बिनविषारी, उंदीर खाते, हे सगळ्यांना ठाऊक असूनही. दादी ओरडायची, घरात निघालेल्या सापाला आधी तीन दिवस जायला सांगा, हदीसमध्ये तसं आलंय! पण काठी हातात आल्यावर दादीचं ऐकतो कोण?

भाच्याकडे चार साप, चार वेगळ्या पेट्यांत. खायला गोठवलेले उंदीर, त्यासाठी वेगळा छोटा फ्रीजर. (हे आपाला सांगू नकोस, असं त्याने मला दोनदा बजावलं.) पहिले दोन दिवस मी त्या खोलीच्या दारातूनच बघत होतो. तिसऱ्या दिवशी आत जाऊन बसलो.

तोवर माझ्या लेखी साप म्हणजे साप. पण बॉल पायथनला हात लावला की डोकं मध्ये घेऊन चेंडूसारखा गोळा होतो. मनात आलं की महिनोन् महिने खात नाही, आणि भाचा कासावीस होतो. हॉगनोज तर पक्का नाटक्या. मान चपटी करून फुत्कारतो, तोंड मिटूनच अंगावर येतो, आणि फारच झालं तर उताणा पडून मेल्याचं सोंग घेतो. नारिंगी कॉर्न स्नेक म्हणजे भुट्टा. हा सगळ्यांत गुणी, बोटांतून सावकाश फिरत राहतो.

आणि नवाब. कॅलिफोर्निया किंगस्नेक, काळ्या अंगावर पांढरे पट्टे, जेमतेम साडेतीन फूट. सतत हिंडणारा, पेटीचा कोपरा न् कोपरा नाकाने ढकलून बघणारा. त्याला हातात घेतलं तेव्हा तो इतका शांत होता की मला वाटलं, याला आपण आवडलो.

"मामू, त्याला तुम्ही आवडला नाहीत. तुमच्या हाताला उंदराचा वास नाही, एवढंच," भाचा हसत म्हणाला.

किंगस्नेकमधला 'किंग' का, तर तो इतर साप खातो. आपला नागराजही साप खातो म्हणूनच किंग कोब्रा, पण दोघांचं नातं नाही. नागराज विषारी, हा बिनविषारी. हा विळखा घालून मारतो. रॅटलस्नेकच्या विषालाही तो बराच दाद देत नाही. दुसरा साप त्याच्यासाठी शेजारी नसतो, भावकीतला असला तरी.

पाचव्या दिवशी मी मदत म्हणून नवाबचं पाणी बदललं. झाकण लावलं, पण एक खटका दाबायचा राहिला. फजरला उठलो तर पेटी रिकामी. भाच्याला हाक मारली. नवाब भुट्टाच्या पेटीवर पसरला होता, हवेच्या भोकांना नाक लावून जीभ आतबाहेर करत. आत भुट्टा आपल्या खोपटात दडलेला, अजिबात न हलता.

भाच्याने त्याला उचललं आणि नवाबने अंगठ्याखाली पकडलं. पकडून सोडलं नाही, चावत राहिला. समोर साप आहे याच वासात तो होता. भाचा मुकाट्याने नळाखाली गार पाण्याची धार धरून उभा राहिला. सुटल्यावर आधी त्याने नवाबचं तोंड तपासलं, मग आपला हात. मला एक शब्दही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

चहा घेताना त्याने सांगितलं. सुरुवातीला त्याने किंगस्नेकची दोन पिल्लं आणली होती. विकणारा म्हणाला, लहान आहेत, एकत्र राहतील. एका सकाळी पेटीत एकच होतं, पोट फुगलेलं. तो हाच नवाब.

"तरी ठेवलास?"

"त्याचं काय चुकलं? भिंत मी घालायची होती."

काढून टाकायचे म्हणजे तरी कुठे? स्पेनच्या ग्रॅन कॅनेरिया बेटावर मुळात सापच नव्हते. पाळलेले किंगस्नेक तिथे सुटले, वाढले, आणि जगात फक्त तिथेच असलेले मोठे सरडे त्यांनी अनेक भागांतून जवळजवळ संपवले. नीट सांभाळला तर हा साप वीस वर्षं जगतो. भाचा तेव्हा पन्नाशीला आलेला असेल. त्याने हिशेब केलेला आहे.

(आपल्याकडच्या पोरांनी यातून भलतं काही घेऊ नये. इथले देशी साप पकडून घरात ठेवणं 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे.)

उरलेले दिवस झोपण्याआधी चारही झाकणांचे खटके मी स्वतः दाबून बघायचो. आपाला परत येऊन म्हणालो, साप राहतील, रिश्ता दुसरा बघू, आणि या वेळी आधीच सांगून. ती दोन आठवडे माझ्याशी बोलली नाही.

परवा तिचा भाच्याला फोन चालला होता. मी शेजारीच होतो. खालीखुशाली झाली, पगाराचं झालं, मग जरा आवाज खाली आणून तिने विचारलं, "तो गोळा होणारा... जेवला का रे?"