अपोलो बंदरावरील छायाचित्रकार

मुंबईस आलेला पाहुणा राणीची बाग पाहो अथवा न पाहो, अपोलो बंदरावरील 'गेट वे ऑफ इंडिया' पाहिल्यावांचून तो परत जात नाहीं. आमच्या घरीं सुटींत गांवाकडची मंडळी उतरली कीं ही फेरी ठरलेलीच, आणि त्यांजबरोबर जाण्याचें काम घरांतील निवृत्त मनुष्य म्हणून बहुधा माझ्याकडे येतें. कमानीची माहिती मला आतां तोंडपाठ झाली आहे. १९११ सालीं पंचम जॉर्ज बादशहा व राणी मेरी येथें उतरलीं, त्याचें स्मारक म्हणून जॉर्ज विटेट ह्या वास्तुशिल्पज्ञानें ती योजिली. १९१३ च्या मार्चांत कोनशिला बसली आणि १९२४ च्या डिसेंबरांत कमान खुली झाली. उंची सुमारें ८५ फूट. बादशहाच्या आगमनासाठीं उभारलेल्या ह्याच दारांतून २८ फेब्रुवारी १९४८ रोजीं गोऱ्या पलटणीची शेवटची तुकडी निघून गेली, हें सांगितलें म्हणजे मुलें खूष होतात व मोठीं माणसें मान डोलावतात.

परंतु आज लिहावयाचें आहे तें कमानीविषयीं नव्हे. तिच्यापुढें दिवसभर उभ्या असणाऱ्या माणसांविषयीं. आंगणांत पाऊल टाकतांच ते आपणांस गांठतात. गळ्यांत कॅमेरा, हातांत नमुन्याच्या चित्रांची चवड, खांद्यावर एक जड पिशवी. "फोटो, साहेब? लगेच मिळेल." आपण मान हलवून पुढें जातों. दहा पावलांवर दुसरा भेटतो. दिवसांतून किती वेळां 'नको' ऐकावें लागत असेल ह्याचा हिशेब कोणी ठेवीत नसेल. पण प्रत्येक नव्या कुटुंबाला पुन्हां तितक्याच उमेदीनें विचारावयाचें, ही साधना लहान नव्हे.

वाचकांपैकीं अनेकांना वाटतें कीं, ह्या धंद्यांत कळ दाबण्यापलीकडे आहे तरी काय? मलाही तसेंच वाटे. एकदां बोट सुटावयास अवकाश होता म्हणून मी कठड्याजवळ बसून तासभर पाहात राहिलों, आणि मग लक्षांत येऊं लागलें. समुद्र कमानीच्या पूर्वेस आहे. सकाळीं सूर्य पाण्यावरून वर येतो, तेव्हां आंगणांत उभें राहून कमानीसह चित्र घ्यावें तर उजेड पाठीमागून येतो आणि माणसांचीं तोंडें काळवंडतात. म्हणून सकाळचा जाणता छायाचित्रकार गिऱ्हाइकाला बोलतां बोलतां फिरवितो आणि ताजमहाल हॉटेलकडे पाठ करावयास लावतो. दुपार कलली कीं सारा प्रकार उलट; मग कमान सोनेरी दिसूं लागते. ऊन तोंडावर आलें म्हणजे डोळे मिचकतात, त्यालाही तोड आहे. "सगळ्यांनीं खालीं पाहा, तीन म्हटलें कीं वर पाहा!" त्या एका क्षणांत चौदा माणसांचे डोळे उघडे सांपडतात.

आणि चौदा माणसें उभीं करणें हें काम तर केवळ एकत्र कुटुंबांत वाढलेल्यासच समजेल. तो कोणालाही नातें विचारीत नाहीं. आजींना मध्यें घेतो, धाकट्या सुनेला कडेवरच्या मुलासह टोंकाहून आंत सरकवितो, रुसलेल्या मुलाच्या हातीं पिशवी देऊन त्याला 'महत्त्वाचें काम' सांगतो. मागें उभे राहूं पाहणाऱ्या जावयांना पुढें आणतो. ही गोष्ट आमच्या घरांतील वडील मंडळींच्याही लक्षांत येत नाहीं! हें सारें अर्ध्या मिनिटांत, कबुतरें उडत असतांना, आणि मधून जाणाऱ्या लोकांस हात जोडून थांबवीत.

त्या जड पिशवींत छपाईचें यंत्र असतें. त्यांत पातळ शाई नसते. रंगाचे थर दिलेली एक फीत असते व उष्णतेनें तो रंग कागदांत उतरतो. कागद चार वेळां आंत जातो व बाहेर येतो: एकदां पिवळ्यासाठीं, एकदां किरमिजीसाठीं, एकदां निळ्यासाठीं, आणि शेवटीं वर रक्षक थर चढावा म्हणून. मुलें हा खेळ डोळे विस्फारून पाहतात. दर कागदाला फितीचा तुकडा ठरलेला असल्यामुळें चित्र बिघडलें तर दोन्ही वायां जातात, आणि तें नुकसान छायाचित्रकाराचें. 'मी जाड दिसतें' असें म्हणून एखाद्या बाईंनीं चित्र परत केलें तर तोही खर्च त्याचाच.

त्या दिवशीं ज्यांच्याशीं माझें बोलणें झालें ते गृहस्थ कोंकणांतले, पन्नाशी ओलांडलेले; मुलगे असतांना मामाबरोबर येथें आले ते येथलेच झाले. त्यांनीं जुन्या पद्धतीची हकीकत सांगितली. तेव्हां कॅमेऱ्यांत ३६ चित्रांची गुंडाळी असे. गिऱ्हाईक पैसे देऊन वहींत पत्ता लिही. रात्रीं गुंडाळी धुवावयास द्यावयाची आणि आठवड्यानें पाकिटें टपालांत टाकावयाचीं. विचार करा, नाशिकचा वा नागपूरचा मनुष्य अनोळखी माणसाच्या हातीं पैसे ठेवून आगगाडींत बसत होता! "कोणी फसवीत नसे काय?" मीं विचारलें. "फसवणारे होतेच, काका," ते म्हणाले, "पण आम्हांला रोज ह्याच जागीं उभें राहावयाचें असतें. पळणार कोठें?" हातोहात चित्र देणारे पोलरॉइड कॅमेरेही मधल्या काळांत आले, परंतु त्यांची फिल्म महाग पडे.

ह्या धंद्याची मुंबईंतील वंशावळ मोठी मानाची आहे. १८५४ सालीं येथें छायाचित्रणाची संस्था निघाली, आणि डॉक्टर भाऊ दाजी लाड ह्यांचे बंधु नारायण दाजी हे त्या काळच्या नामांकित छायाचित्रकारांपैकीं एक होते. कमानीपासून पायीं थोड्याच अंतरावर वॉटसन हॉटेलची इमारत आहे. तेथें ७ जुलै १८९६ रोजीं ल्युमिएर बंधूंचीं हलतीं चित्रें प्रथम दाखविलीं गेलीं. तीं पाहून वेडावलेले हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर हेही व्यवसायानें छायाचित्रकारच होते. त्यांनीं विलायतेहून यंत्र मागवून १८९९ मध्यें कुस्तीचें चित्रण केलें. ह्या नांवांपैकीं एकही त्या कोंकणी गृहस्थांस ठाऊक नव्हतें, व त्यांत नवल नाहीं. आपण तरी त्यांच्यासारख्यांचीं नांवें कोठें विचारतों?

धंद्यावर संकटें येऊन गेलीं. २६ नोव्हेंबर २००८ रोजीं ताजवर हल्ला झाला; पुढें तपासणी व अडथळे आले. २०२० च्या मार्चांत टाळेबंदी झाली तेव्हां तर आंगणच रिकामें झालें. तीं संकटें आलीं तशीं सरलीं. परंतु प्रत्येक माणसाच्या खिशांतील दूरध्वनींत कॅमेरा आला, तें संकट जावयाचें नाहीं. गिऱ्हाईक आतां 'नको' असें तोंडानें म्हणतही नाहीं. नुसता हातांतला फोन वर करून दाखवितें. कधीं कधीं तर तोच फोन छायाचित्रकाराच्या हातीं देऊन "जरा आमचा सगळ्यांचा काढा हो" असें फुकट काम सांगतें, आणि माझ्या समोर त्या गृहस्थांनीं तें निमूटपणें केलें. वर मंडळीला उजेडाकडे फिरवूनही दिलें.

मीं त्यांना म्हटलें, "फोनमध्यें हजार चित्रें असतात, तीं पुन्हां कोण पाहतो? कागदावरचें भिंतीवर तरी राहतें." ते हंसले नाहींत. जरा वेळानें त्यांनीं एक गोष्ट सांगितली. काहीं वर्षांपूर्वीं एक तरुण त्यांना शोधीत आला. वडिलांसह येथें काढलेलें चित्र त्याजपाशीं होतें, पण पावसाळ्यांत घरांत पाणी शिरून तें गेलें. वडील मध्यंतरीं वारले होते. दुसरी प्रत मिळेल काय, हें विचारावयास तो दोन गाड्या बदलून आला होता. प्रत कोठली मिळणार? दुसऱ्या दिवशींच्या कामासाठीं जागा हवी म्हणून हे लोक रोज रात्रीं कॅमेऱ्यांतील सारीं चित्रें पुसून टाकतात. "त्याला 'नाहीं' म्हणतांना माझी जीभ उचलेना," ते म्हणाले. "कमानीजवळ थोडा वेळ उभा राहिला आणि गेला."

इतक्यांत घारापुरीच्या बोटीवरून एक मोठें बिऱ्हाड उतरलें. मध्यें काठी टेकीत एक आजोबा. हे उठून गेले. चित्र ठरलें, माणसें लागलीं, यंत्रांतून कागद चार वेळां फिरून बाहेर आला. मग ते घरच्या कर्त्या माणसाला हळूच कांहीं सांगूं लागले. त्या माणसानें माझ्याकडे पाहून डोळे मिचकावले; धंद्याची युक्ति ओळखल्याचा त्यास आनंद झालेला दिसला.

परत येऊन ते पिशवी सांवरीत म्हणाले, "आजोबा असले कीं मी दोन प्रती घ्या म्हणतों. दुसरी वेगळ्या गांवीं ठेवा म्हणतों, लेकीकडे, भावाकडे. कोणी ऐकतात."

"आणि ह्यांनीं?"

"एकच घेतली," ते म्हणाले, आणि बोटीवरून उतरणाऱ्या पुढच्या मंडळीकडे वळले.