माणदेशातील शेळ्या

चैत्रात शिखर शिंगणापूरच्या महादेवाला जाणारी आपल्याकडील बरीच मंडळी दर्शन आटोपून तशीच माघारी फिरतात. आम्ही या खेपेस डोंगर उतरून दहिवडीवरून म्हसवडच्या वाटेला लागलो. सातारा जिल्ह्याचा हा पर्जन्यछायेतील मुलूख; बाभळी, बोरी आणि उघडे माळ. ज्याला गाय पोसणे झेपत नाही त्याच्या दारी दोन-चार शेळ्या असतात, आणि त्यांची निगा बहुधा घरातील बाईच राखते.

एका वस्तीवर ओट्यावर बसून आम्ही तिचा हिशेब मांडून पाहिला. गाभणकाळ पाच महिन्यांचा. नीट सांभाळलेली शेळी दोन वर्षांत तीनदा विते, आणि उस्मानाबादी शेळीला जुळी होणे नित्याचेच. म्हणजे दोन शेळ्यांची दोन वर्षांत बारा करडे. हे झाले कागदावर! पावसाळ्याच्या तोंडावर आंत्रविषार गाठतो, पीपीआरची साथ येते, पोटात जंत होतात. बारांतील चार दगावली तरी राखणीचे कष्ट बारांइतकेच पडलेले असतात. जातो तो नेमका नफा.

दहिवडीस शासनाच्या मेंढी व शेळी विकास महामंडळाचे प्रक्षेत्र आहे. महामंडळ १९७८ सालचे. जातिवंत नर पुरवावेत, पशुपालकांना शिकवावे, हे त्याचे काम. शिकवण तशी साधीच. व्याल्यावर तासाभरात करडाला चीक पाजावा, जंताचे औषध वजन पाहून द्यावे, आंत्रविषाराची लस पावसाआधी टोचून घ्यावी. पीपीआरची एक लस तर सुमारे तीन वर्षे पुरते. मात्र लस स्वस्त असली तरी ती वेळेवर वस्तीपर्यंत आणणारे माणूस दुर्मिळ, असे आमचे मत झाले.

पुढचा प्रश्न विक्रीचा. आषाढात गिऱ्हाईक तुटून पडते, श्रावणात भाव बसतो. बकरी ईदेपूर्वी पुन्हा चढतो. परंतु आजारपण वा शाळेचा खर्च पंचांग पाहून येत नाही. म्हसवडला १९९७ साली स्त्रियांची माणदेशी महिला सहकारी बँक निघाली, तिचे मोल आम्हांस येथे उमगले. अडीनडीला थोडे कर्ज मिळाले, तर बोकड दोन महिने दावणीला थांबू शकतो.

आम्ही बसलो असतानाच व्यापारी आला. बोकडाची पाठ चाचपून त्याने आकडा सांगितला. घरच्या आजी काही बोलल्या नाहीत. आत गेल्या, आकड्याचा वजनकाटा घेऊन आल्या आणि लिंबाच्या फांदीला अडकवीत म्हणाल्या, "आधी काट्याला लावा, मग बोला."