मागच्या चाकांचं वजन

पिकअपचे टायर बदलायची वेळ आली की आमच्या भागात पहिला प्रश्न कंपनीचा निघतो. एमआरएफ, अपोलो, जेके की सिएट? पारावर त्यावर तासभर चर्चा होते. मला विचाराल तर कंपनी सगळ्यात शेवटी ठरवावी. आधी जुना टायर नीट बघावा, मग भरलेल्या गाडीचं वजन करावं आणि त्यानंतरच दुकानाची पायरी चढावी. पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या गाडीचे मागचे दोन टायर घेतले, ते याच क्रमाने.

गाडी जुन्नर तालुक्यातली, पावणेदोन टनी. टोमॅटोच्या दिवसांत माल नारायणगावच्या बाजारात जातो, एरवी संध्याकाळी मेथी-कोथिंबीर भरून ओतूर, मढ करत माळशेज उतरायचा आणि मुरबाड, कल्याणवरून तुर्भे गाठायचं. सकाळी रिकामी गाडी तोच घाट चढून वर येते. म्हणजे रानातल्या वाटेचा चिखल, घाटातलं धुकं आणि डांबरावरून वाहणारं पाणी, खाली कल्याणच्या बाजूचं काँक्रीट, हे सगळं त्याच चार चाकांनी निभवायचं. गाडी माझा पुतण्या चालवतो. त्याच्या जिवाचा प्रश्न आहे म्हणून या खरेदीत मी घाई करू दिली नाही.

मागचे जुने टायर उतरवून उन्हात आडवे ठेवले. दोन्हींच्या दोन्ही कडा झिजलेल्या, मधला भाग मात्र बरा. याचा अर्थ ओझ्याच्या मानाने हवा कमी पडत होती. हवा जास्त असती तर मधला पट्टा आधी गेला असता. पुढच्या डाव्या टायरची फक्त आतली कड खाल्लेली दिसली. ते काम अलाइनमेंटचं. हे दुरुस्त न करता नवा टायर चढवला तर तोही त्याच वाटेने जाणार, मग तो कितीही महागाचा असो. म्हणून अलाइनमेंट आधी करून घेतली, पाटे आणि बुशही तपासले.

खाचांच्या तळाशी रबराचे छोटे आडवे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की १.६ मिलिमीटर खोली उरली असं समजायचं. टायर बाद धरायची ती शेवटची मर्यादा. माळशेजमध्ये पावसात जाणाऱ्याने तिथपर्यंत थांबू नये असं माझं ठाम मत आहे. चाकाखालचं पाणी बाहेर काढायला खाचच लागते. तीन मिलिमीटर उरली की मी टायर बदलायला काढतो.

आता वजन. सत्तर कॅरेट टोमॅटो भरले, प्रत्येकात वीस किलो माल, वर कॅरेटचं स्वतःचं वजन. अशी गाडी वजनकाट्यावर नेली आणि काटेवाल्याला म्हटलं, फक्त मागची चाकं काट्यावर घे. त्याला नवल वाटलं, पण घेतली. आकडा बावीसशे किलोच्या जरा वर गेला. हौद्यातलं बहुतेक सगळं ओझं मागच्या आसावर येतं, त्यामुळे एकेका मागच्या टायरवर अकराशे किलो. खड्ड्यात आदळताना किंवा वळणावर गाडी एका अंगाला झुकताना त्याहून जास्त. हा आकडा खिशात असला की दुकानात कुणी भुलवू शकत नाही.

आळेफाट्याच्या दुकानात पुतण्याची नजर लगेच एका रुंद टायरवर गेली. २३५/७५ आर १५, दणकट गट्टू, बाजूला पांढरी अक्षरं.

"तात्या, हे घेऊ. गाडी कशी भारी दिसेल बघा. आणि रुंद आहे म्हणजे वजनही जास्त पेलंल."

"लोड इंडेक्स वाच," मी म्हटलं.

त्याने वाकून वाचला. १०५. दुकानदाराकडच्या तक्त्यात १०५ म्हणजे ९२५ किलो. दोन टायर मिळून साडेअठराशे, आणि आमच्या मागच्या आसावर बावीसशे. रिम पंधरा इंचीच असल्यामुळे तो बसला असता, हीच त्यातली धोक्याची गोष्ट. तो एसयूव्हीचा टायर होता, माल वाहायला बनवलेला नव्हता. शेजारीच आमच्या मूळ मापाचा, ७.०० आर १५ एलटी, दिसायला अरुंद टायर उभा होता. त्यावर ११६/११४. पहिला आकडा एकट्या चाकाचा, १२५० किलो. दुसरा मागे जोडचाकं असतात तेव्हाचा, ११८०. पुढचं एल अक्षर वेगाचं, ताशी १२०. आम्हाला तेवढं लागतच नाही. दोन टायरचे अडीच हजार झाले. पुतण्याने मनातच हिशेब केला आणि पांढऱ्या अक्षरांचा विषय पुन्हा काढला नाही.

नायलॉनचा पर्याय दुकानदाराने पुढे केला. रानातल्या दगडांना नायलॉनची जाड बाजू चांगली तोंड देते, हे खरं. पण लांबच्या पल्ल्यावर तो जास्त तापतो आणि लवकर झिजतो. आमचा बहुतेक प्रवास डांबरावरचा, म्हणून रेडियलच. रिमोल्डचाही विचार झाला. एका जुन्या टायरच्या बाजूला चीर होती, आणि सांगाडाच धड नसेल तर त्यावर नवं रबर चढवण्यात अर्थ नाही. नक्षी मधे सरळ रेघा आणि कडेला गट्टू अशी घेतली. निव्वळ रेघांचा टायर चिखलात फिरत राहतो.

घेण्याआधी बाजूवरचे चार आकडे वाचले. २३२५ असेल तर २०२५ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. दुकानात पडून पडून रबर कडक होतं, नक्षी नवी दिसली तरी. जुन्या तारखेची एक जोडी स्वस्तात देऊ केली होती, ती नको म्हटलं. आयएसआयची खूण पाहिली. ट्यूब आणि फ्लॅपही नवेच घेतले, कारण जुनी ट्यूब ताणलेली असते आणि नव्या टायरात तिला घडी पडते. बिलात जीएसटी १८ टक्के. २२ सप्टेंबर २०२५ च्या आधी तो २८ होता, म्हणजे आठ हजार मूळ किमतीच्या टायरमागे आठशे रुपये वाचले. शेतकऱ्याच्या घरात हा फरक जाणवतो.

खरा वाद झाला तो टायर चढवताना. फिटर म्हणाला, नवे पुढे टाका, पुढचे मागे घ्या, सगळे असंच करतात. पुतण्याचंही तेच. पुढचा टायर फुटला तर स्टेअरिंग ओढतं, ही भीती खोटी नाही. पण आमचे पुढचे टायर निम्म्याहून जास्त शिल्लक होते, फुटण्याच्या अवस्थेत नव्हते. पावसात पुढची चाकं सरकली तर स्टेअरिंग हलकं लागतं, ड्रायव्हरला कळतं, पाय सोडून तो गाडी सावरतो. मागची सरकली तर कळेपर्यंत गाडी आडवी झालेली असते. शिवाय सकाळी परतताना हौदा रिकामा, मागचा भाग हलका, जोर मात्र मागच्याच चाकांना. ओल्या घाटात अशा गाडीला पकड मागे हवी. मी पुतण्याला विचारलं, "मागल्या पावसात बोगद्याच्या अलीकडं गाडीचं काय सरकलं होतं?"

"मागचंच," तो म्हणाला. नवे टायर मागे चढले.

हवा आता गाडीच्या पट्टीवर दिलेल्या आकड्याप्रमाणे भरतो, माल असताना मागे पुढच्यापेक्षा जास्त, आणि टायर थंड असताना. उन्हाळ्यात टायर फुटू नये म्हणून हवा कमी करायची आमच्याकडे सर्रास पद्धत आहे, ती उलटी पडते. कमी हवेचा टायर जास्त वाकतो, वाकून तापतो आणि तापूनच फुटतो. हे मी भेटेल त्या गाडीवाल्याला सांगतो, बाजारातल्या रांगेतसुद्धा. काहींना पटतं.

जुन्यातला चीर नसलेला टायर स्टेपनीला ठेवला आहे, तोही रिकाम्या गाडीने गावापर्यंत येण्यापुरता. पुढचे दोन बदलताना माप हेच आणि लोड इंडेक्स ११६ च्या खाली नाही, एवढं वहीत लिहून ठेवलंय. कंपनी त्या वेळच्या भावावर ठरेल.