टेक्सासच्या डोंगरावरची संकष्टी

धाकट्या भावाकडे अमेरिकेला जायचं ठरलं, तेव्हा शेजारच्या काकूंनी बजावलं होतं, "ह्यूस्टनला जातेस तर ते अंतराळ केंद्र बघून ये हो!" ते पाहिलंच. पण मला खरं बघायचं होतं ते तिथून मोटारीनं नऊ-दहा तासांवर, फोर्ट डेव्हिस नावाच्या चिमुकल्या गावापलीकडच्या डोंगरावर. कारण सांगायची थोडी शरमच वाटते.

मी रत्नागिरीला एका शाळेत अर्धवेळ शिकवते. माझा विषय मराठी, पण विज्ञानाच्या बाई रजेवर गेल्या की तो तास माझ्याच गळ्यात! असाच एकदा सातवीच्या वर्गात मी सांगितलं, की चंद्र दरवर्षी आपल्यापासून ३.८ सेंटिमीटर लांब जातो. मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. "बाई, एवढंसं कुणी मोजलं? आणि कशानं?" मला कुठं येत होतं उत्तर! "शास्त्रज्ञांनी मोजलं. बस खाली," म्हणून मी मोकळी झाले. वर्ग हसला. त्यानंतर त्या मुलीनं माझ्या तासाला हात वर केला नाही. ते मनाला लागून राहिलं होतं. पुढं शोधाशोध केली, तेव्हा मॅक्डोनाल्ड वेधशाळेचं नाव सापडलं आणि ती भावाच्याच टेक्सासमध्ये निघाली.

"ताई, तिथं मॉल नाही, काही नाही," भावानं दहादा सांगून पाहिलं. पण भावजय माझ्या बाजूची. मे महिना होता. मैलोगणिक पिवळं वाळलेलं गवत, मध्येच निवडुंगासारखी झुडपं आणि मग एकदम डोंगर. हे डोंगरही आपल्या सह्याद्रीसारखे ज्वालामुखीतून झालेले. वेधशाळेपर्यंत चांगला रस्ता आहे. वर हवा कोरडी, ऊन कडक, तरी वारा गार. कुणी गेलात तर मेमध्येसुद्धा स्वेटर न्या. मी नेला नव्हता, भावजयीची शाल ओढून फिरले.

दुपारी त्यांनी आत नेऊन मोठी दुर्बीण दाखवली. तिचा आरसा २.७ मीटर व्यासाचा, म्हणजे आमच्या स्वयंपाकघराच्या एका भिंतीएवढा! १९७० साली इथल्याच एका कर्मचाऱ्यानं माथं फिरून या आरशावर पिस्तुलाच्या गोळ्या झाडल्या. आरसा फुटला नाही, बारीक खड्डे तेवढे पडले, आणि दुर्बीण पुन्हा कामाला लागली. घरात एक काचेचा बाऊल फुटला तर आपण दिवसभर हळहळतो!

याच दुर्बिणीतून वर्षानुवर्षं चंद्राचं अंतर मोजलं गेलं. जुलै १९६९ मध्ये अपोलो ११ च्या वीरांनी चंद्रावर एक पाट ठेवला, जेमतेम दीड फूट लांबरुंद. त्यावर काचेचे शंभर तुकडे. प्रत्येक तुकडा खोलीच्या कोपऱ्यासारखा, तीन बाजू काटकोनात. कॅरमचा स्ट्रायकर कोपऱ्याजवळ दोन्ही कडांवर आपटला की आला त्याच दिशेला परत येतो ना, तसं. उजेड कुठूनही येवो, तो आल्या वाटेनं माघारी. इथून लेसरचा झोत सोडायचा आणि परतायला किती वेळ लागला ते मोजायचं. जाऊन येऊन सुमारे अडीच सेकंद. झोत चंद्रावर पोचेपर्यंत काही किलोमीटर पसरतो, त्यातला कणभर उजेड त्या पाटावर पडतो, आणि परत येतो तो इतका थोडा, की एखादा कण हाती लागला तरी भाग्य. ऑगस्ट १९६९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या लिक वेधशाळेला असा उजेड प्रथम मिळाला, त्याच महिन्यात इथंही मिळाला. मोठ्या दुर्बिणीनं १९८५ पर्यंत हे काम केलं, मग इथल्याच एका छोट्या दुर्बिणीनं चालवलं. २००६ पासून शेजारच्या न्यू मेक्सिकोत अपाची पॉइंटला ते मिलिमीटरपर्यंत नेमकं होऊ लागलं.

आता तुम्ही म्हणाल, इतका खटाटोप कशाला? मीही तेच विचारलं. माडीवरून नारळ आणि सुपारी एकदम सोडली, वारा आड आला नाही, तर दोन्ही एकदमच खाली पोचतील. पृथ्वी आणि चंद्रसुद्धा सूर्याच्या ओढीनं सारखे त्याच्याकडे पडत असतात, पण पुढं धावण्याचा वेगही असल्यामुळं सूर्याभोवती फिरत राहतात. पृथ्वी नारळ, चंद्र सुपारी. दोघांचं पडणं अगदी सारखं, असं आइन्स्टाइनचा सिद्धांत म्हणतो. तसं नसेल तर चंद्राची वाट सूर्याच्या दिशेला किंचित सरकलेली दिसेल, हे केनेथ नॉर्टव्हेट यांनी १९६८ मध्ये दाखवलं. पन्नासहून अधिक वर्षं मोजून झालं, सरकल्याचं दिसलेलं नाही. लांब मात्र तो जातोच आहे, वर्षाला दीड इंच. त्याचं कारण आपली भरती-ओहोटी! रत्नागिरीच्या बंदरावर पाणी चढतं-उतरतं, त्याच भरतीचा फुगवटा चंद्राला पुढं ढकलत असतो.

मी न राहवून विचारलं, "इतकी वर्षं झाली, आरशांवर धूळ बसली असेल, ती पुसतं कोण?" भाऊ खो खो हसला. दाखवणारे गृहस्थ हसले नाहीत. म्हणाले, पुसायला कुणीच गेलेलं नाही. अपेक्षेच्या दहावा हिस्साच उजेड आता परत येतो, आणि संशय धुळीवरच आहे.

त्या दिवशी नेमकी संकष्टी. रात्री आकाशदर्शनाला सगळे अंधारात बसलेले, पांढऱ्या उजेडाची बंदी, हातात तांबडे दिवे. आकाशगंगा तर भुरभुरलेल्या रांगोळीसारखी. पण माझं लक्ष पूर्वेला. अकरा वाजून गेल्यावर डोंगरामागून चंद्र आला. बाटलीतल्या पाण्यानं अर्घ्य दिलं. भावजयीनं डब्यातून मोदक काढले. चंद्राकडे बघताना प्रथमच वाटलं, तिथं आपलीही वस्तू आहे. २०२३ मध्ये उतरलेल्या आपल्या विक्रमवर असाच एक परावर्तक आहे, पाच सेंटिमीटरचा, अर्धगोल, मोदकाएवढाच. चंद्राभोवती फिरणाऱ्या यानानं त्याच डिसेंबरात त्याच्यावर लेसर टाकून परतीचा उजेड मिळवला.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. ती मुलगी आठवीत गेली होती. मधल्या सुट्टीत तिला बोलावलं, शिपाईमामांकडून कॅरम बोर्ड मागून घेतला आणि स्ट्रायकर कोपऱ्याकडे मारायला लावला. चारपाच वेळा मारून पाहिल्यावर ती हळूच म्हणाली,

"बाई, पण त्या आरशांवर धूळ बसत असेल ना?"