दोराची भाषा

आम्हा शिक्षकांची सारी मिळकत जिभेवर. घंटा झाल्यापासून शाळा सुटेपर्यंत आम्ही बोलतच असतो. म्हणूनच सुट्टीत मालवणकडे गेलो असता तारकर्लीला स्कूबा शिकवणाऱ्या उस्तादांचं आम्हाला मोठं नवल वाटलं. तोंडात हवेची नळी, समोर शागीर्द, आणि शब्द एकही नाही!

पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १५०० मीटर धावतो, हवेतल्यापेक्षा चौपटीहून जास्त. पाठीवरच्या टाकीवर टकटक केली तर ऐकू येते, पण ती कोणत्या बाजूनं आली हे कानाला उमगत नाही. म्हणून भाषा हाताची. आपल्याकडे अंगठा वर केला की शाब्बासकी. तिथं त्याचा अर्थ 'वर चल'. अंगठा आणि तर्जनी जुळवून केलेलं वर्तुळ म्हणजे 'ठीक'. हीच खूण सवाल आणि हीच जवाब. उस्तादानं केली की शागिर्दानं तशीच परत करायची. जवाब आला नाही, तर काहीतरी बिघडलं आहे असंच धरायचं.

पावसाळ्यात आमच्या पनवेलची गाढी नदी जशी गढूळ होते, तशा पाण्यात हातही दिसत नाही. तिथं दोर बोलतो. एक टोक पाणबुड्याच्या अंगाला, दुसरं वरच्या जोडीदाराच्या हातात. वरून एक हिसका म्हणजे 'ठीक आहेस ना?' खालून एक म्हणजे 'ठीक आहे'. खालून दोन म्हणजे 'ढील दे', तीन म्हणजे 'ढील आवर', चार म्हणजे 'मला वर ओढ'. पद्धतीप्रमाणे हे आकडे बदलतात, म्हणून उतरण्याआधीच ते पक्के ठरवतात. दोर सैल पडला तर हिसका पोचत नाही आणि वेढे अंगाला अडकतात. फार ताणला तर खालच्याला हालचाल करता येत नाही. अडकलंच तर धडपडायचं नाही; थांबायचं, खूण करायची. आणि वरच्यानं दोर हातातून सोडायचा नाही.

आपल्याला हे अगदीच नवं नाही. जमातमध्ये इमाम चुकला तर मागचा पुरुष 'सुबहानल्लाह' म्हणतो, स्त्री हातावर हात मारते. खूण आधीच ठरलेली असते.

वर्गात 'समझ गये?' विचारलं की चाळीस तोंडांतून एकदम 'जी सर' येतं. त्यात एकेकट्याचा जवाब कुठे असतो? दहावीपर्यंत उर्दूत शिकलेलं मूल अकरावीला इंग्रजी वर्गात बसतं, तेव्हा त्याच्यापुढचं पाणी गढूळच असतं. तिथं ते ओरडत नाही, गप्प होतं. मग एक दिवस त्याचं नाव काढलं जातं.

म्हणून दहावी होऊन जाणाऱ्या मुलांशी आम्ही ठरवून टाकलं आहे. दर जुम्म्याला एक मिस्ड कॉल, म्हणजे ठीक. आम्हीही उलट एक देतो. ओळीनं चार आले, तर घरी यायचं.

मागच्या ऑगस्टमध्ये एका मुलीचे चार आले. आम्ही संध्याकाळीच गेलो. वडील म्हणाले, "सर, तिला झेपत नाही, काढून टाकतो." अम्मीनं चहा ठेवला. बोलणं इशापर्यंत चाललं. मुलीचं नाव अजून हजेरीपटावर आहे आणि जुम्म्याला एक मिस्ड कॉल येतो.